कात्रीचे दोन ठोके

सोमवारी सकाळी दहाच्या आत सही केलेला फॉर्म परीक्षा केंद्रात पोचायला हवा होता, आणि रविवारचे चार वाजून गेले तरी तो मास्तरणीच्या पिशवीतच होता. पिशवी तिच्या मांडीवर होती. एरवी दारातून आत आल्याबरोबर पिशवी खुंटीला अडकवणारी बाई आज ती मांडीवर धरून बसली आहे, हे वहिनीच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पण वहिनी काही बोलली नाही. ती आधी साठवते आणि मग एकदम काढते, हे घरातल्या सगळ्यांना अनुभवानं माहीत होतं.

सगळे दुकानातच बसले होते. मागे राहायच्या खोल्या असल्या तरी वडील म्हणजे आप्पा गेल्यापासून घरातलं कुठलंही महत्त्वाचं बोलणं कापड बेतायच्या मोठ्या टेबलाभोवतीच व्हायचं. वाटणी इथंच झाली होती. त्याच दिवशी धाकट्या भावानं शिवणकामाला रामराम ठोकून नोकरी धरली. आज तोही आला होता, रविवार असून इस्त्रीचा शर्ट घालून. थोरला भाऊ आप्पांच्या स्टुलावर बसला होता. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती थोरल्याची आणि वहिनीची लेक कोपऱ्यातल्या मशीनपाशी सगळ्यांकडे पाठ करून बसली होती आणि शिवलेल्या अभ्र्यांचे लोंबते दोरे कापत होती.

तिला घरात टाचणी म्हणत. अंगानं तशीच होती, आणि लहानपणापासून ओठांत टाचण्या धरून बोलायची. आता बावीस वर्षांची झाली होती. हात चांगला चालायचा, पण अक्षरं तिच्याशी कधी नीट वागली नाहीत. चार ओळींची सूचना वाचून संपेपर्यंत पहिली ओळ डोक्यातून गेलेली असायची. शाळेनं 'हिला पुढं बसवून उपयोग नाही' असं सांगून घरी पाठवली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. त्या संध्याकाळी तिची आत्या वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीतून खाली आली, तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, सुईत दोरा ओव. तेव्हापासून रोज पाच ते सात. पुढं मुलगी मोठी झाल्यावर आत्यानं तिला प्रशिक्षण संस्थेतल्या आपल्याच वर्गात घातली. ही आत्या म्हणजेच मास्तरीण. सव्वीस वर्षं त्या संस्थेत शिवणकाम शिकवणारी, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि खरं सांगायचं तर पाच ते सात सोडले तर दिवसाचं काय करायचं हे ठाऊक नसलेली.

"काढ की मग तो कागद," थोरला म्हणाला. "पेन देऊ?"

"पेन आहे."

"मग अडलंय कुठं?"

"ताईला सही करायच्या आधी तीनदा वाचायची सवय आहे," धाकटा म्हणाला. "वाटणीच्या वेळी आठवतं ना, दादा? आम्ही जेवून हात पुसत आलो तरी ही दुसऱ्या पानावर."

मास्तरणीनं फॉर्म काढून टेबलावर ठेवला. धाकट्यानं तो ओढून घेतला आणि ऑफिसातल्या सवयीनं खालून वर वाचायला सुरुवात केली.

संस्थेत टाचणीसारख्या मुलांची परीक्षा जरा वेगळी असे. लेखी सूचनांच्या जागी चित्रांची कार्डं आणि दीडपट वेळ, एवढी सवलत कायद्यानं मिळे. बाकी काम तेच. कामाचे आठ भाग, आणि प्रत्येकापुढं तीन चौकोन : 'स्वतंत्रपणे', 'आठवण करून दिल्यावर', 'अजून नाही'. आठही ठिकाणी पहिल्या चौकोनात खूण आली तर पूर्ण प्रमाणपत्र. एक जरी खूण सरकली, तर मिळतं ते दुसरं, ज्यावर लिहिलेलं असतं की काम देखरेखीखाली करून घ्यावं. मोठ्या रुग्णालयाच्या कपडे विभागात एक जागा निघाली होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे एप्रन शिवायचे आणि दुरुस्त करायचे. त्यांनी टाचणीला पाहिलं होतं, ती त्यांना आवडलीही होती, पण त्यांना पहिलं प्रमाणपत्र हवं होतं. आठही खुणा पहिल्या चौकोनात होत्या. राहिली होती फक्त वर्गशिक्षिकेची सही, हे सांगणारी, की परवानगी होती त्यापलीकडे परीक्षार्थीला कुणी कसलीही मदत केली नाही.

"आणि हे ऐका," धाकटा म्हणाला. "बाहेरच्या परीक्षक बाईंनी काय लिहिलंय बघा. 'खिसा उलट्या बाजूने लागत असल्याचे परीक्षार्थीने स्वतः ओळखले, मशीन थांबवून दुरुस्त केले. तपासणी, स्वतंत्रपणे.' वर 'उत्तम' पण लिहिलंय. मला आयुष्यात कुणी 'उत्तम' लिहिलेलं नाही."

"तुझं तसं कामही नव्हतं," थोरला म्हणाला, पण त्याचं लक्ष मास्तरणीकडे होतं. "कर सही, बाई. पोरीचं भलं होतंय."

मास्तरणीनं पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. नऊ दिवस तिच्या मनात त्या चांदण्याखेरीज दुसरं काही नव्हतं.

आप्पांच्या काळात या दुकानात सात मशीनं चालायची. त्या खडखडाटात हाक मारून उपयोग नसे, म्हणून आप्पांनी कात्रीची भाषा ठरवली होती. टेबलावर कात्रीचा एक ठोका, म्हणजे चहा आला. तीन म्हणजे गिऱ्हाईक. आणि दोन म्हणजे थांब, हातातलं बघ. तिन्ही मुलं त्यावर वाढली. दोन ठोके कानावर पडले की या घरातल्या माणसाचा पाय मशीनच्या पायट्यावरून आपोआप वर येतो. धाकटा स्वतःच सांगायचा, की ऑफिसात कुणी पेन्सिल दोनदा आपटली तरी त्याचा टायपिंग करणारा हात थबकतो. टाचणीलाही मास्तरणीनं याच भाषेत शिकवलं होतं. शब्द सुटून जायचे, ठोके सुटत नसत.

परीक्षेच्या दिवशी नातेवाईक म्हणून मास्तरणीला टाचणीच्या टेबलाजवळ जायला मनाई होती. ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला इतर दोन मुलांपाशी उभी होती. तिथून तिला दिसलं, की टाचणीनं एप्रनचा खिसा उलटा टाचला आहे. निळं ड्रिलचं कापड, सुलट आणि उलट यांत फरक तो काय, तिरक्या रेघांचा आणि किंचित फिक्या रंगाचा; पण सव्वीस वर्षं सरावलेल्या डोळ्यांना तो लांबूनही पुरला. खिसा मशीनखाली गेला. टाचणीचा पाय पायट्यावर आला. मास्तरणीनं काही ठरवलं नव्हतं. हातात कात्री होती, आणि ती टेबलावर दोनदा वाजली.

टाचणीनं पाय उचलला, खिसा काढला, उलटून पाहिला, परत टाचला. परीक्षक बाईंनी मान डोलावून काहीतरी लिहिलं. शिवणाच्या हॉलमध्ये कात्री वाजली तर कोण लक्ष देणार? ती भाषा त्या खोलीत तिघांनाच येत होती. तिसरा थोरला, लेकीचा डबा घेऊन दारात उभा असलेला. त्यानं मास्तरणीकडे पाहिलं, आणि मग डब्याकडे. त्यानंतर नऊ दिवस बहीण-भावांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

"मी वाजवलं होतं," मास्तरीण म्हणाली.

"काय वाजवलं?" धाकट्यानं विचारलं.

"दोन ठोके. खिसा लावताना. तिनं स्वतः ओळखलं म्हणून लिहिलंय ना, त्याच्या आधी."

धाकट्यानं फॉर्म हळूच खाली ठेवला.

"हॉलमध्ये वीस कात्र्या वाजत असतात," थोरला म्हणाला.

"तू दारात होतास, दादा."

"मी डबा घेऊन उभा होतो. मला कुठलं काय ऐकू येतंय तिथून."

"तुझा पाय उचलला गेला. मी पाहिलं."

थोरल्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. लेकीसाठी तो पहिल्यांदाच प्रयत्न करत होता आणि ते त्याला जमत नव्हतं. "बरं, उचलला," तो म्हणाला. "मग? सात भाग तिनं केले की नाही तुझ्या ठोक्याशिवाय? त्या खिशापायी पोरीचं आयुष्य उसवायचं का?"

"ताई, मी काय म्हणतो," धाकटा म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. परीक्षक बाईंना कळलं नाही, रुग्णालयाला कळणार नाही. तुझ्याशिवाय कुणाला त्रासही नाही. आणि तू हे लिहून दिलंस तर तुला परीक्षेच्या कामावरून काढतील. सव्वीस वर्षांनंतर."

"काढतील."

"मग कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"तिथं माझी कात्री नसेल म्हणून," मास्तरीण म्हणाली. "तिला एकटीला बसवतील. दिवसाला चाळीस नग. 'स्वतंत्रपणे' लिहून देणार मी, आणि निस्तरायचं तिनं. चार उलटे खिसे गेले की म्हणतील, या मुलांचं असंच असतं. मग पुढच्या कुणाला घेणार नाहीत."

"म्हणजे तिला येत नाही, असं तूच म्हणतेस," थोरला म्हणाला. आता त्याचा आवाज चढला. "अकरा वर्षं तूच शिकवलंस. आम्ही म्हणत होतो राहू दे, दुकानात बटणं लावेल. तूच म्हणालीस, नाही, तिला स्वतःचं काम पाहिजे. आणि आता तूच."

"येत नाही म्हणत नाहीये मी. येतं की नाही ते मला माहीत नाही, असं म्हणतेय. मी वाजवलं नसतं तर आज माहीत असतं."

तेवढ्यात वहिनीनं साठवलेलं काढलं.

"मग नकोच ते," ती म्हणाली. "वन्सं खरं बोलल्या ते बरं झालं. काय कमी आहे तिला इथं? आठला जाणार, चारला येणार, दमून झोपणार. हे दिवसभर लोकांच्या छातीची मापं घेतात, माझ्याशी बोलायला यांना पाच मिनिटं नसतात. पोर आहे म्हणून मी दिवसातून दोन शब्द बोलते. ती गेली की मी काय भिंतींशी बोलू? वन्सं, तुम्ही लिहून टाका खरं काय ते. देखरेखीखाली म्हणे. मी आहे की देखरेखीला."

मास्तरणीला हा पाठिंबा नको होता. त्यापेक्षा थोरल्याचा राग परवडला. वहिनीनं आपलंच मन आपल्याला मोठ्यानं वाचून दाखवावं, तसं तिला झालं. कारण खिशासाठी वाजलेल्या त्या दोन ठोक्यांत फक्त माया होती, असं तिला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. मुलगी माझ्यावाचून निभावून नेईल, ही भीतीही त्यात होती की काय? नऊ दिवसांत तिनं हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारला होता, आणि दर वेळी चहा करायला उठली होती. घर भरलेलं होतं, सख्खे भाऊ समोर बसले होते, आणि तिला इतकं एकटं याआधी कधी वाटलं नव्हतं.

"वहिनी, तुमचं वेगळंच," धाकटा म्हणाला. "तुम्हाला ती घरात पाहिजे, तर तसं सरळ म्हणा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?"

"सरळच म्हणाले की. तुमच्यासारखं महिन्यातून एकदा येऊन शहाणपण शिकवत नाही मी."

"मला दिसलं होतं."

हे टाचणी बोलली. ती स्टुलावर वळून बसली होती. किती वेळ, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ओठांतल्या टाचण्या एकेक काढून तिनं मशीनच्या कडेला ओळीनं ठेवल्या आणि मगच पुढं बोलली.

"खिसा उलटा आहे ते. रेघा दिसत नव्हत्या. मी पाय उचलणारच होते. मग आत्यानं वाजवलं."

"बघा," थोरला म्हणाला. आनंदानं तो स्टुलावरून अर्धा उठला. "झालं की मग. पोरीला आधीच दिसलं होतं. ठोक्यानं काय फरक पडला? कर सही."

इथं मास्तरणीनं गप्प बसायला हवं होतं. पण मास्तरीणच ती. "नक्की?" तिनं विचारलं.

टाचणीनं विचार केला. ती विचार करायची तेव्हा सगळ्यांना थांबावं लागे, आणि घरात तेवढं थांबायची सवय एकट्या मास्तरणीला होती. वहिनी पदराशी चाळा करू लागली. धाकट्यानं घड्याळात पाहिलं.

"तेव्हा नक्की होतं," टाचणी म्हणाली. "आता माहीत नाही. तू वाजवलंस ना. मग ते माझं राहिलं नाही."

"अगं, तू फक्त म्हण, नक्की होतं," थोरला तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाला. "तू म्हणालीस की आत्या सही करेल." तो मास्तरणीकडे वळला. "करशील ना गं?"

आणि खरं सांगायचं, तर तिनं केली असती. त्या क्षणी मुलगी 'नक्की' म्हणाली असती, तर मास्तरणीनं डोळे मिटून सही ठोकली असती आणि जन्मभर त्या शब्दाचा आधार घेतला असता.

"मला म्हणायचं नाही," टाचणी म्हणाली. "करायचंय. परत घ्या परीक्षा."

"परत परीक्षा सहा महिन्यांनी असते, बाळा," मास्तरीण म्हणाली. "ती जागा तोवर थांबणार नाही."

"दुसरी निघेल?"

"निघेल किंवा नाही निघणार. मला सांगता येत नाही."

"बरं," टाचणी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, कारण ती जागा तिला हवी होती. तिथल्या लांब खिडक्या तिला आवडल्या होत्या, आणि तिथल्या एका बाईनं तिला 'तुमचं नाव काय' असं अहो-जाहो करून विचारलं होतं. ती गोष्ट तिनं घरात सगळ्यांना दोन-दोनदा सांगितली होती. "आणि आत्या, तू येऊ नकोस."

"नाही येणार. मी हे लिहून दिल्यावर मला हॉलच्या दारातसुद्धा उभी करणार नाहीत."

"परीक्षेला नाही. इथं. पाच वाजता."

वहिनीचा हात थांबला.

"तू मागे असलीस की मी ठोक्याची वाट बघते," टाचणी म्हणाली. "कापडाकडे नाही बघत. मला कळतं ते."

कुणीही तिला रागावलं नाही. रागावण्यासारखं ती काही बोललीच नव्हती. मास्तरणीला काहीतरी म्हणायचं होतं. वर्गात शहाण्या मुलीला म्हणतात तसं, बरोबर बोललीस, असं म्हणायचं होतं. पण तिनं समोरचा फॉर्म उगाच सरळ केला. अकरा वर्षं तिनं या मुलीला एकच गोष्ट शिकवायचा प्रयत्न केला होता, आणि ती आता मुलीला येत होती, आणि ते पाहून काळजात कळ आली.

"सहा महिने?" तिनं शेवटी विचारलं.

"हो."

"आणि काही अडलं तर?"

"अडू दे."

मास्तरणीनं फॉर्म ओढून घेतला. सहीच्या जागी तिनं लिहिलं, की कामाचा आठवा भाग, म्हणजे तपासणी, चालू असताना मी, परीक्षार्थीची आत्या व वर्गशिक्षिका, कात्रीच्या ठोक्याने तिला इशारा दिला. परीक्षार्थीने तो मागितला नव्हता. त्यामुळे तो भाग तिला स्वतंत्रपणे येतो किंवा नाही हे या परीक्षेतून ठरवता येत नाही, आणि दोष सर्वस्वी माझा आहे. फेरपरीक्षा घ्यावी. मग तिनं ते तीनदा वाचलं. या वेळी धाकट्यानं विनोद केला नाही.

सही झाल्यावर थोरल्यानं कागद उचलला. फाडतो की काय, असं क्षणभर सगळ्यांना वाटलं. त्यानं त्याची नीट घडी केली आणि खणातून एक पाकीट काढून त्यात घातली.

"सकाळी मी नेऊन देतो," तो म्हणाला. बहिणीकडे त्यानं पाहिलं नाही. "तू कशाला जातेस. तुला तिथं उभं करून चार माणसं बोलतील."

"बोलू देत."

"मी नेतो म्हटलं ना."

वहिनी चहा टाकायला आत गेली, आणि आत बराच वेळ भांडी वाजत राहिली. धाकट्याला अचानक कुठंतरी जायचं आठवलं.

सोमवारी मास्तरीण नेहमीच्या वेळेला संस्थेतून आली. मुख्याध्यापकांनी तिला बोलावून घेतलं होतं, आवाज न चढवता बोलले होते, आणि परीक्षेच्या यादीतून तिचं नाव तिच्यासमोरच खोडलं होतं. ते सगळं तिनं ऐकून घेतलं. दुकानाच्या दारावरून न जाता ती बाजूच्या जिन्यानं वर गेली. पिशवी खुंटीला लावली. पाच वाजले.

खोलीत करण्यासारखं काही नव्हतं. तिनं आवरलेलं कपाट परत आवरलं. खिडकीतून रस्ता पाहिला. साडेपाचला खालून मशीन सुरू झालेलं ऐकू आलं. चाल टाचणीचीच होती, लांब टीप, कोपऱ्यावर सावकाश. मास्तरीण पलंगाच्या कडेला बसून ऐकत राहिली.

मधेच ते थांबलं.

दोरा तुटला असेल. बॉबिन संपली असेल. काहीतरी उलटं लागलं असेल आणि दिसलं असेल, किंवा दिसलं नसेल आणि ती नुसती घाम पुसत असेल. मास्तरीण उठून दारापर्यंत गेली. एक हात कडीवर ठेवून ती तिथं उभी राहिली. मिनिट गेलं, दोन गेली. खाली कुणी काही बोललं नाही. कुणी हाक मारली नाही.

मग मशीन परत सुरू झालं. मधल्या वेळात खाली काय झालं, ते तिला कळायला मार्ग नव्हता, आणि विचारायचं नाही असं ठरलं होतं. ती दारापासून मागे आली आणि सात वाजायची वाट बघत बसली.